टिचकीचं पेटंट

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचा पाऊस पडला. (चित्रातल्या पेढ्यांचा. खरे यायचे आहेत.) मावसभावाच्या मुलाला, म्हणजे इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या आमच्या पुतण्याला, 'पेटंट मिळालं'. सोबत एका सरकारी दिसणाऱ्या पानाचा फोटो. मी ते पान मोठं करून वाचलं. मला ही वाईट खोड आहे. संशोधक म्हणून सात नावं होती. प्राचार्य पहिले, विभागप्रमुख दुसरे आणि आमचा पोरगा शेवटचा. शोधाचं नाव भलतंच भारदस्त होतं, पण साध्या मराठीत सांगायचं तर कॉलेजच्या कँटीनमध्ये क्यूआर कोड आणि ओटीपी वापरून वडापावचे पैसे सुरक्षितपणे कसे द्यावेत, याची पद्धत. आणि पेटंट मिळालेलं नव्हतंच. अर्ज 'प्रसिद्ध' झाला होता.

मी ग्रुपवर अंगठा उमटवला नाही, त्यावरून दोन मावश्यांचे फोन येऊन गेले. "तुला मेल्या पोराचं कौतुकच नाही!" कौतुक आहे हो. पोरगा हुशार आहे, आमचा राउटर बिघडला की तोच येऊन बघतो. पण फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो. नाहीतरी हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईकच आहेत.

आधी ते प्रसिद्ध होण्याचं उरकतो. आपल्याकडे पेटंटचा अर्ज केला की १८ महिन्यांनी तो जर्नलमध्ये छापला जातो. घाई असेल तर वेगळा फॉर्म भरायचा, मग महिन्याभरातही छापतात. तोवर त्या अर्जातली कल्पना नवी आहे की पणजोबांच्या काळातली आहे, हे कुणीही तपासलेलं नसतं. तपासणीसाठी पुन्हा वेगळी विनंती करावी लागते, आणि ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. लग्नाची पत्रिका छापली म्हणजे लग्न लागलं असं नाही, तसंच हे. पण कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रमवारीत मंजूर पेटंटांबरोबर नुसत्या प्रसिद्ध झालेल्या अर्जांनाही गुण आहेत. त्यात २०२१ साली शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत मिळाली. मग काय, पत्रिका छापण्याचा धंदा जोरात! वऱ्हाडी म्हणून विद्यार्थ्यांची नावं शेवटी घालायची, म्हणजे तेही खूश आणि त्यांच्या मावश्याही.

पण समजा, हा अर्ज खरोखर मंजूर झाला असता. तरी मी आनंदलो नसतो. माझं भांडण तिथे आहे.

पेटंट म्हणजे मुळात एक सौदा. तुम्ही तुमची युक्ती इतकी उघड करून सांगायची की त्या विषयातल्या जाणकाराला ती वाचून करता आली पाहिजे. बदल्यात सरकार तुम्हाला २० वर्षांचा मक्ता देतं. औषध, यंत्र, एखादं रसायन असेल तर हा सौदा मला पटतो (औषधांच्या किमतींबद्दल पुन्हा कधीतरी). पण पैसे देण्या-घेण्याची पद्धत ही एकट्याने वापरायची गोष्टच नव्हे. ती भाषेसारखी आहे. मला एकट्यालाच येणारी भाषा कितीही सुंदर असली तरी बाजारात उपयोग शून्य. आपल्याकडे शतकानुशतकं हुंडी चालली. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, आणि पैसे भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून शहाजोग हुंडी, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच ज्याचे पैसे मिळतात अशी. मूळ हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. सुरक्षिततेचा केवढा विचार आहे बघा यात! कुण्या एका सावकाराने 'शहाजोग ही माझी कल्पना, वापराल तर मला दमडी द्या' म्हटलं असतं, तर ती हुंडी त्याच्या गल्लीबाहेर गेली नसती.

आता टिचकीची गोष्ट. जुन्या ब्लॉगर मंडळींना आठवत असेल, आपण क्लिकला टिचकी म्हणायचो. 'अधिक माहितीसाठी इथे टिचकी मारा.' तर या टिचकीचं पेटंट निघालं होतं. अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर १९९७ मध्ये अर्ज केला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत तो मंजूर झाला. शोध काय? गिऱ्हाइकाचा पत्ता आणि कार्डाचा नंबर आधीच साठवलेला असेल तर एका टिचकीत वस्तू विकत घेता येते. बस्स, एवढंच. आपला वाणी वर्षानुवर्षं हेच करत आला आहे. "नेहमीचं पाठवून द्या" एवढंच म्हणायचं. पत्ता त्याला माहीत असतो, हिशेब वहीत.

पेटंट हाती पडल्याबरोबर महिन्याभरात अ‍ॅमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर खटला भरला, आणि डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे ऐन नाताळच्या खरेदीत, कोर्टाने मनाई हुकूम दिला. बार्न्स अँड नोबलने काय करावं? गिऱ्हाइकाला एक टिचकी जास्त मारायला लावली! जगात कुठल्याही शोधाचं फळ असं असू नये, की त्याच्यामुळे दुसऱ्याला आपली चांगली चाललेली गोष्ट मुद्दाम थोडी वाईट करावी लागावी. तो हुकूम २००१ साली वरच्या कोर्टाने उठवला, २००२ साली तडजोड झाली. गंमत म्हणजे खुद्द जेफ बेझोस यांनीच मार्च २००० मध्ये जाहीर पत्र लिहून अशा पेटंटांची मुदत ३ ते ५ वर्षांवर आणा असं सुचवलं होतं. स्वतःचं मात्र शेवटपर्यंत सांभाळलं.

या कथेत एक ब्लॉगर आहे, म्हणून आपल्या जमातीसाठी खास सांगतो. न्यूझीलंडचा पीटर कॅल्व्हली. अ‍ॅमेझॉनकडून मागवलेलं पुस्तक उशिरा आलं म्हणून हा गडी चिडला. चिडून ब्लॉगवर चार ओळी खरडल्या असत्या तर तुमच्या-माझ्यासारखाच. याने वाचकांकडून वर्गणी काढून २००६ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात फेरतपासणीचा अर्ज टाकला. २००७ मध्ये कार्यालयाने त्या पेटंटमधले बहुतेक दावे अमान्य केले. मग कंपनीने शब्दरचना बदलून, दावे आखूड करून २०१० मध्ये ते पुन्हा वाचवलं. युरोपात ते मिळालंच नाही. २०१७ साली मुदत संपली. त्या दिवशी जगाला कुठलं ज्ञान खुलं झालं, ते मला अजून कळलेलं नाही. एका टिचकीत खरेदी होते हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सौद्यातली सरकारची बाजू, म्हणजे 'युक्ती उघड करणे', इथे नव्हतीच. दुकानात जाऊन बघितलं की दिसत होती.

आता उलट बाजूची गोष्ट, जिथे शोध अस्सल होता. पैसे देणाऱ्या यंत्राची, म्हणजे एटीएमची. जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ सालचा, आपल्या शिलाँगचा. चॉकलेट देणारं यंत्र असतं तर पैसे देणारं का नसावं, असं या गृहस्थांना अंघोळ करताना सुचलं म्हणतात. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेच्या भिंतीत त्यांचं यंत्र बसलं. कार्ड नव्हतं, किंचित किरणोत्सर्गी शाई लावलेला खास चेक आत सरकवायचा, गुप्त आकडा दाबायचा, की १० पौंड बाहेर. त्यांच्या मनात सहा आकडे होते, पण बायको म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. पिन चार आकडी झाला तो असा. (घरोघरी सुरक्षाविषयक अंतिम निर्णय कोण घेतं, हे वेगळं सांगायला नको :-) )

शेफर्ड-बॅरन यांनी पेटंट घेतलं नाही. कारण त्यांनी नंतर सांगितलं ते असं, की अर्ज केला तर सांकेतिक खुणेची पद्धत उघड करावी लागली असती, आणि ती चोरांनीही वाचली असती. त्याच सुमारास स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो नावाचे इंजिनियर कार्ड आणि गुप्त आकडा यांची जोडी जमवत होते. त्यांनी मे १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला. म्हणजे कागदोपत्री पिनचा मान त्यांचा. त्यांना काय मिळालं? १० पौंड बक्षीस. एनफिल्डच्या यंत्रातून एका वेळी निघायचे तेवढेच! पेटंट कंपनीचं, पगार कंपनीचा, आणि शोध लावणाऱ्याच्या हाती एक नोट. पुढे दोघांनाही ओबीई मिळालं, एकाला २००५ मध्ये, दुसऱ्याला २००६ मध्ये. पेटंट घेणारा आणि न घेणारा शेवटी एकाच रांगेत उभे राहिले.

हे मी का सांगतोय, तर "पेटंट नसेल तर बिचाऱ्या संशोधकाने खायचं काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर पेटंट आहे असं निदान या धंद्याचा इतिहास तरी सांगत नाही. बारकोड घ्या. वुडलँड आणि सिल्व्हर या दोघांनी १९४९ मध्ये अर्ज केला, १९५२ मध्ये पेटंट मिळालं, ते पुढे १५,००० डॉलरला विकलं गेलं आणि १९६९ साली संपलं. दुकानात पहिला बारकोड वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. म्हणजे बाळ जन्मण्याआधी पाच वर्षं बारशाचा हॉल सोडावा लागला. आणि बारकोडवर खरा पैसा कुणी केला? जेरोम लेमेल्सन नावाच्या माणसाने. त्याचे मूळ अर्ज १९५० च्या दशकातले, यंत्राने चित्र वाचण्याबद्दलचे. ते तो दशकानुदशकं कार्यालयात लोळत ठेवून, बाजारात काय चाललंय ते बघून दावे वाढवत राहिला, आणि बारकोड वाचणाऱ्या कंपन्यांकडून परवाना शुल्क गोळा झालं. सगळं मिळून शंभर कोटी डॉलरहून जास्त. तो १९९७ मध्ये वारला. २००४ साली नेवाडाच्या कोर्टाने ती पेटंटं लागू करता येणार नाहीत असा निकाल दिला, २००५ मध्ये अपिलातही तो टिकला. तोवर पैसे जायचे ते गेले होते. अशा पेटंटांना तिकडे 'पाणबुडी' म्हणतात. आपल्याकडे वाटमारी म्हणतात.

मला सरसकट पेटंटचं वावडं नाही. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनोने १९७४ साली कार्डात चिप बसवण्याची पेटंटं घेतली, त्यावर बक्कळ रॉयल्टी मिळवली. ती वस्तू होती, हातात धरता येणारी, बनवायला अवघड. मिळू देत. माझा आक्षेप आहे तो व्यवहाराच्या 'रीतीवर' मालकी सांगण्याला.

आणि आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो चौकोन. पुतण्याने कँटीनसाठी जो वापरला, तोच.

१९९४ साल. जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा नावाचे इंजिनियर. कारखान्यातले कामगार तक्रार करत होते, की एका खोक्यावर दहा-दहा बारकोड असतात, ते एकेक वाचून हात दुखतात. बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावतात. हारांनी आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना माहिती भरायची ठरवली. फावल्या वेळात ते गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळत, त्यावरून त्यांना हा पट सुचला. अडचण एकच होती. एवढ्या छापील गर्दीत यंत्राला हा पट ओळखू यावा कसा? त्यांनी मासिकं, जाहिरातीची पत्रकं, खोकी, जे छापील मिळेल ते घेऊन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्रमाणं मोजली आणि छपाईत सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण शोधून काढलं: १:१:३:१:१. तीन कोपऱ्यांतले ते चौकोनातले चौकोन बघा. कुठल्याही बाजूने रेघ मारली तरी काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं याच प्रमाणात येतं. म्हणून मोबाईल तिरका धरला तरी चालतो. शिवाय पटाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. आमच्या भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवरचा कोड गेल्या पावसाळ्यात एका कोपऱ्याला भिजून फाटलाय, वर मेथीची माती. अजून चालतोय.

हा खरा शोध. पेटंटच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारा. आणि कंपनीने पेटंट घेतलंही. पण जाहीर केलं, की ठरलेल्या मानकाप्रमाणे कोड वापरणाऱ्यांवर आम्ही हा हक्क बजावणार नाही. (नावाचा ट्रेडमार्क मात्र राखला.) धर्मादाय म्हणून नव्हे हं. कंपनीला कोड वाचणारी यंत्रं विकायची होती, आणि कोड सगळीकडे असल्याशिवाय यंत्रं कोण घेणार? धंद्याचंच गणित होतं, फक्त लांबचं बघणारं. प्रत्येक कोडमागे एक पैसा जरी मागितला असता, तरी जगाने दुसरा कुठलातरी चौकोन शोधला असता, किंवा दहा कंपन्यांचे दहा चौकोन झाले असते आणि भाजीवाल्या मावशींना गाडीवर मेथीऐवजी पाट्याच मांडाव्या लागल्या असत्या.

एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत यूपीआय सुरू झालं, त्याला हा चौकोन आयता मिळाला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. यूपीआय सगळं खुलं आहे असं माझं म्हणणं नाही. एका संस्थेच्या हातात सगळ्या दोऱ्या असण्याचे धोके आहेत, त्यावर स्वतंत्र नोंद लिहीन. पण कुठल्याही बँकेचं कुठल्याही अ‍ॅपशी बोलणं होतं, हे 'रीत माझ्या मालकीची' म्हणणाऱ्यांच्या राज्यात घडलं नसतं.

"पण सुरक्षिततेचं काय? तिथे तरी पेटंट हवं ना?" तिथे तर मुळीच नको. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने १८८३ साली लिहून ठेवलंय, की सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. म्हणजे पद्धत जितक्या लोकांनी तपासली, फोडायचा प्रयत्न केला, तितकी ती भरवशाची. पेटंट वाचायला मोफत, पण वापरायला विकत. मग फुकटात तपासत कोण बसणार? क्लाउस श्नोर यांची डिजिटल सहीची सुटसुटीत पद्धत १९८९ पासून तयार होती. पेटंट होतं, म्हणून जगाने वळसा घालून दुसरी, जास्त अवघडलेली पद्धत मानक केली आणि तिच्यावरच वर्षानुवर्षं काम चालवलं. श्नोर यांचं पेटंट पुढे संपलं. बिटकॉइनमध्ये त्यांची सही यायला २०२१ उजाडलं. याउलट एईएस बघा. अमेरिकेने १९९७ मध्ये जाहीर स्पर्धा लावली, अट अशी की जिंकणाऱ्याने जगभर विनामूल्य वापरू द्यायचं. जगभरच्या जाणकारांनी एकमेकांच्या पद्धती फोडून पाहिल्या, आणि दोन बेल्जियन तरुणांची पद्धत २००१ मध्ये मानक झाली. आज तुम्ही बँकेच्या साइटवर जाता तेव्हा बहुतेक वेळा तीच पहाऱ्यावर असते.

आता आपल्या घरात. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(के) म्हणून एक चिमुकली ओळ आहे. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, केवळ प्रोग्राम म्हणून प्रोग्राम, आणि अल्गोरिदम, यांना आपल्याकडे पेटंट नाही. ही ओळ २००३ पासून लागू आहे. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिला भोक पाडलं होतं. २००५ मध्ये संसदेत विरोध झाला आणि ओळ होती तशी राहिली. फार थोड्या लोकांना हे आठवतं. २०२१ च्या जुलैमध्ये संसदीय समितीने पुन्हा शिफारस केली, की या कलमाचा फेरविचार करावा. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं, नेटवर्कवरून गाणं-चित्रपट असं काही भेट पाठवण्याच्या पद्धतीचं. ही व्यवसायाची पद्धत आहे आणि कायद्याची बंदी निरपवाद आहे, म्हणून न्यायालयाने पेटंट नाकारलं. पण त्याच निकालात, त्या अहवालाचा दाखला देऊन, कलमाचा फेरविचार व्हायला हवा असंही सुचवलं.

म्हणजे भोक पाडायची तयारी चालू आहे. आणि कारण काय दिलं जातं? नवे शोध यावेत, बाहेरचा पैसा यावा, पेटंटांच्या आकड्यात आपण मागे पडू नये. आकड्याचं म्हणाल तर २०२३-२४ या एका वर्षात आपल्या कार्यालयाने एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर केली आहेत. आकडा कमी पडत नाहीये. आणि पैसे देण्या-घेण्यात आपण २०१६ पासून जे केलं ते कलम ३(के) जागेवर असताना केलं. ज्या देशात टिचकीला पेटंट मिळालं, तिथे माझी बहीण घरभाड्याचा चेक अजून पाकिटात घालून टपालाने पाठवते.

ज्यांना हे कलम सैल करायचंय त्यांनी एक करावं. पैसे देण्याची अशी एकच चांगली रीत दाखवावी, जी पेटंट मिळत नाही म्हणून भारतात आली नाही. खाली प्रतिसादाची जागा मोकळी आहे. मावश्यांनीही लिहायला हरकत नाही.